फाळक्यावरचं नाव

आमच्या कारध्याच्या चौकात विजेच्या खांबाला एक फ्लेक्स अजून लटकतो आहे. त्याचा खालचा कोपरा सुटला आहे. वारा आला की तो फटफट वाजतो आणि मला घरात बसल्या बसल्या ऐकू येतो. वर लिहिलंय, भावपूर्ण श्रद्धांजली. मधे पारबताचा फोटो, तोही कुठल्या तरी लग्नातला, शेजारच्या बाईचा अर्धा खांदा तसाच राहिलेला. त्या फोटोखाली, पारबतापेक्षा मोठा, हात जोडलेला दिनकर. तिचा दीर. त्याच्या खाली, शोकाकुल दिनकर आर्ट्स परिवार. आणि सगळ्यात खाली लाल पट्टीत, सर्व प्रकारच्या गाड्यांचे डेंटिंग-पेंटिंग करून मिळेल.

मेलेल्या बाईच्या फोटोखाली दुकानाची जाहिरात. मी म्हातारी बाई, पुष्कळ पाहिलं, पण असं नव्हतं पाहिलं. जिचं नाव उभ्या जन्मात एका गाडीवर लागू दिलं नाही, तिचं नाव लागलं ते मेल्यावर, आणि लागलं कशावर, तर फ्लेक्सवर. फ्लेक्सचा तिला किती राग होता हे दिनकरला माहीत नव्हतं असं कोणी मला सांगू नये. "मशीन ओकते आन् हे टांगते," असं ती त्याच्या तोंडावर म्हणायची.

मी काही लिहिणारी नाही. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदावर. पण हा फ्लेक्स मला स्वस्थ बसू देत नाही. त्यावर जे नाही ते कुठेतरी लिहून ठेवावं म्हणून बसले आहे.

पारबता माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या अंगणात एकच भिंत, तीही कमरेएवढी. तिचं माहेर आंधळगावचं, शेतीवाल्यांचं. इथं आली ती ढिवरांच्या घरात. सासरा वैनगंगेवर मासोळी धरायचा आणि उन्हाळ्यात गावभरचे डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, डांबराने लिंपून द्यायचा. त्याचा मोठा मुलगा महादेव डोंग्यावरून ट्रकवर गेला. रस्त्याच्या कडेला टिनाचं शेड टाकून गाड्या रंगवू लागला. नवरा रंग मारायचा आणि बायको घासायची. गाडी रंगवणं म्हणजे फवारा मारणं असं लोकांना वाटतं. फवारा शेवटी असतो. त्याच्या आधी गंज खरवडा, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरा, ती वाळली की पाणी घेऊन पॉलिश पेपरने घासा, अस्तराचा प्रायमर मारा, पुन्हा घासा. हे सगळं पारबता करायची. तिच्या बोटांवरच्या रेघा घासून घासून गेल्या होत्या. राशनच्या दुकानातलं अंगठ्याचं मशीन तिला ओळखायचंच नाही. तिथं तिचं दर महिन्याला भांडण. "मी जिती उभी आहो ना तुमच्यापुढं, मशीनले काय इचारता जी?"

महादेव छातीच्या खोकल्याने गेला. रंगाच्या धुरात उभं आयुष्य, तोंडाला फक्त गमछा. दुसरं काय होणार होतं. तेव्हा शेडमधे एक टेम्पो अर्धा रंगवून उभा होता. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्रेसरचा आवाज आला. मी भिंतीवरून पाहिलं तर महादेवचा जुना फुलशर्ट लुगड्यावर चढवून, ओला पदर नाकाला बांधून पारबता टेम्पोसमोर उभी. टेम्पोवाला आला होता, तो चाचरत म्हणाला, "वहिनी, तसं नाही, पन बाईच्या हातचा रंग टिकंल काय?"

ती वळलीसुद्धा नाही. "रंगाले काय समजते का जी, मांगं कोन उभं आहे थे?"

तो टेम्पो पुढे किती वर्षं वैनगंगेच्या पुलावरून गेला-आला, रंगाला काही झालं नाही. पण त्याच्या फाळक्यावर नाव लागलं दिनकरचं.

हे नावाचं सांगायला पाहिजे, सगळं त्याच्यावरच अडलं आहे. ट्रक-टेम्पोच्या मागे सामान चढवायला खाली पाडतात ती पत्र्याची फळी, तिला फाळका म्हणतात. गाडी रंगवून झाली की फाळक्याच्या खालच्या कोपऱ्यात रंगवणारा आपलं नाव आणि गाव लिहितो. पेंटर अमुक, कारधा. ती त्याची सही. गाडी जाईल तिथं नाव जातं. महादेवचं नाव असं रायपूरपर्यंत जाऊन यायचं. तो गेल्यावर सासू म्हणाली, रांडव बाईचं नाव रस्त्यानं फिरलेलं बरं दिसत नाही. म्हणून पाटी झाली दिनकर आर्ट्स आणि फाळक्यावर आला दिनकर. त्यानं हातात पॉलिश पेपर धरला नाही की फवाऱ्याची गन धरली नाही. खुर्ची टाकून बसायचा, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा आणि शेवटी ब्रश घेऊन नाव लिहायचा. अक्षर त्याचं चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. तेवढंच त्याचं चांगलं होतं.

पारबता तेव्हा गप्प बसली. तिला गप्प बसलेली मी तेवढी एकदाच पाहिली. एरवी तिचा राग म्हणजे गावाला घड्याळ. बुटकी, काळीसावळी, चालायची ती कोणाच्या तरी अंगावर जात असल्यासारखी. पापण्यांवर रंग बसलेला असायचा. तिच्या पापण्या पाहिल्या की शेडमधे लाल गाडी आहे की हिरवी ते कळायचं. आणि तोंडात कायम एकच शब्द, "हात मांगं". कोणी गाडीजवळ गेलं, पाहुणा असो, पोलीस असो, "हात मांगं". ओल्या रंगावर माणसाचं बोट का जातं हे तिला कधी समजलं नाही. "वाळला का पाहून राहिलो म्हनतेत. अन् मी काय इथं झोपा काढून राहिली?"

पलीकडच्या राइस मिलशी तिची लढाई तर ऐकण्यासारखी. धान निघालं की मिल सुरू आणि कोंडा हवेत. तो बरोबर येऊन ओल्या रंगावर बसायचा. एका हिवाळ्यात एका ट्रॅक्टरचं बोनेट असं खरखरीत झालं, जसं काही गाडीला घामोळं आलं. पारबताने तोच रंगाचा डबा उचलला आणि तशीच मिलमधे गेली. मिलमालक तांदळाच्या ढिगाशी चहा घेत उभा होता. ती ढिगावर डबा धरून उभी राहिली.

"तुमचा कोंडा माझ्या रंगात येते. माझा रंग तुमच्या तांदळात टाकू काय?"

"अवं बाई, हवा आहे ते. हवेले मी काय सांगू?"

"हवेले नोका सांगू. मिलच्या बटनाले सांगा."

त्या दिवसापासून मिलचा माणूस सकाळी रस्त्यावर येऊन ओरडायचा, "पारबताबाईचा हात झाला काय जी?" आणि ती पदराआडून "झाला" म्हणाली की मगच मिल सुरू व्हायची. असा मान तिला मिलवाल्यानं दिला. घरच्यांनी नाही दिला.

रागाच्या खाली काय होतं ते मी एकदाच पाहिलं. दुपारी भाजी निवडत भिंतीशी बसले होते, तिनं हाक मारली. "काकू, या इकडे. डोळे मिटा." माझ्या हाताखाली तिनं एक विरलेलं सुती फडकं ठेवलं आणि माझा हात पत्र्यावरून फिरवला. "इथं लागते का काही?" मला काही लागलं नाही. "अजून हलके. आता?" आणि लागलं. केसाएवढा उंचवटा. डोळे उघडून पाहिलं तर पत्रा साफ सपाट. ती हसली. "डोळा खोटं बोलते काकू. बोट नाही बोलत." मग लगेच कपाळाला आठी. "झालं, जा आता, तुमच्या हाताले मेथीचा वास आहे."

आता त्या पिकअपचं सांगते. अविनाश म्हणून एक जण, आंधळगावकडच्या मिलवाल्यांचा मुलगा, आता नागपूरला राहतो. त्याच्या वडिलांची जुनी पिकअप होती. पुढे गोल दिव्यांचं लांबट नाक, मागे छोटा डाला. त्यांनी तिच्यात तांदूळ वाहिला, मासोळी वाहिली, लग्नाची वऱ्हाडं वाहिली, आणि मग ती कोंड्याच्या कोठीत पडून राहिली. आत कोंबड्या अंडी घालायच्या. वडील गेले तेव्हा मुलाला तिची आठवण झाली. मुलांचं असंच असतं. नागपूरला हिवाळ्यात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, तिच्यात ती न्यायची ठरवलं. इंजिन भंडाऱ्यात झालं, पत्र्याला आणि रंगाला ती कारध्याला आली.

पारबताने तिच्याभोवती एक चक्कर मारली. लहानपणी आंधळगावात तिनं ती गाडी धावताना पाहिली होती. अविनाशला लाल रंग पाहिजे होता. दिनकर खुर्चीतून म्हणाला, "लाल एकदम उठून दिसंल साहेब." पारबताने पॉलिश पेपर पाण्यात बुडवला आणि दरवाजाची एक जागा गोल गोल घासत बसली. वरचा पांढरा गेला, खाली हिरवा आला. हिरवा गेला, पिवळा आला. आणि मधोमध, चिंचोक्याएवढा, आकाशी निळा. भोवती बाकीच्या रंगांची कडी.

"हा तिचा जलमाचा रंग आहे," ती म्हणाली. "लाल मारायचा तं दुसरीकडे न्या."

अविनाशने वाकून तो निळा पाहिला. त्याला काही आठवलं असावं. म्हणाला, "निळाच मारा."

"मारते. पन एक गोष्ट आहे, भाऊ. फाळक्यावर नाव माझं राहीन. पेंटर पारबता, कारधा."

दिनकर हसला, जसं लहान पोरीनं काही मागितलं की हसतात तसं. अविनाश म्हणाला, "हो हो, टाकू ना." सहज म्हणाला, चहाला हो म्हणावं तसं. तिच्यासाठी ते सहज नव्हतं. त्या संध्याकाळी भिंतीशी येऊन मला म्हणाली, "काकू, ही गाडी मिरवनुकीत जाईल. लोकं मांगून पाहातील." एवढंच म्हणाली आणि गेली.

पावसाळाभर ती घासत होती. ओल्या हवेत लॅकर मारला तर तो पांढरा पडतो, म्हणून रंग थांबवून ठेवला आणि पत्रा तयार करत राहिली. दसऱ्याच्या आधी प्रायमर मारून, घासून, गाडी अशी केली की राखाडी लोण्यासारखी. आणि आंधळगावला भावाकडे गेली, दसऱ्याला सोनं द्यायला. जाताना दिनकरला म्हणाली, "हात मांगं."

दसऱ्याला आपल्याकडे गाडी पुजल्याशिवाय राहत नाही. सायकल पुजतील, वखर पुजतील, शिलाईचं मशीन पुजतील. दिनकरने स्प्रे गनला झेंडूचा हार घातला, ती हातात घेतली आणि पिकअपशी उभा राहून मोबाइलवर फोटो काढून घेतला. एवढ्यावर थांबला असता तर मी काही म्हटलं नसतं. फोटो चांगला यावा म्हणून त्यानं तेलात हळद कालवली आणि बोनेटवर पंजा उमटवला. कोऱ्या प्रायमरवर. हे मला मागाहून कळलं. मग भीती वाटली असेल, म्हणून रॉकेलच्या फडक्यानं पुसून टाकला. वरून काही दिसेना.

पारबता आली, सकाळी मिल सुरू व्हायच्या आत निळ्याचा हात मारला. मी अंगण झाडत होते. गन बंद झाली आणि काही आवाजच नाही. भिंतीशी गेले. बोनेटवर निळा रंग सरकून सरकून बाजूला जात होता आणि मधे गोल गोल डोळे पडत होते. तेलावर रंग धरत नाही. बघता बघता त्या डोळ्यांचा एक पंजा तयार झाला. तळवा, बोटं. करंगळी अर्धीच, कारण दिनकरची करंगळी लहानपणी उसाच्या चरकात गेली होती.

"आईनं पूजा केली असंल," दिनकर म्हणाला.

"सासूबाईची करंगळी पुरी आहे."

"अवं वहिनी, देवाचं केलं, त्यात काय एवढं? गाडी म्हनजे लक्ष्मी."

"लक्ष्मी आहे ना? मंग लक्ष्मीले लुगडं नेसून होतवरी तरी दम धरा. उघडीले हात लावता, अन् वर देवाचं नाव सांगता."

मी तिथं होते म्हणून सांगते, दिनकर दोन पावलं मागे सरला. तिनं ते बोनेट पुन्हा पत्र्यापर्यंत उतरवलं. रंग, प्रायमर, लांबी, सगळं. पुन्हा पहिल्यापासून. आणि घासताना जी खोकू लागली, ती मग थांबलीच नाही. मी म्हटलं, मास्क आणायला सांग. ती म्हणाली, "सांगतलं." त्या वर्षी दुकानात दिनकरच्या बसण्यासाठी काचेची केबिन आली. मास्क आला नाही. हे मी कुठल्या फ्लेक्सवर लिहू?

पिकअप झाली. कशी झाली ते मला सांगता येणार नाही. सकाळची नदी असते ना, पुलावरून पाहिलेली, तशी. अविनाश न्यायला आला, दोन मित्र घेऊन. बाजूचे टपरीवाले, मिलचा माणूस, सगळे जमले. फाळक्याचा कोपरा तेवढा कोरा ठेवला होता. पारबता म्हणाली, "थांबा, मी आंग धुऊन येते." रंगाच्या शर्टात तिला आपलं नाव लिहायचं नव्हतं. घरी गेली, अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली, महादेवचा खारीच्या केसांचा ब्रश फडक्यात गुंडाळून आली.

तेवढ्यात दिनकरने लिहून टाकलं होतं. पांढऱ्या रंगात, वेलबुट्टीसकट. दिनकर आर्ट्स, कारधा.

मी त्याला म्हटलं होतं, अरे ते तिचं आहे. "काकू, दुकानाच्या भानगडीत नोका पडू," असं मला म्हणाला. अविनाश बाजूलाच होता. तो मोबाइलमधे पाहत होता.

पारबताने वाचलं. ब्रश माझ्या हातात दिला. बादलीतून पॉलिश पेपर घेतला आणि फाळक्यासमोर उकिडवी बसली. पहिला घाव 'दि'वर.

"वहिनी, वेडी झाली काय तू?"

ती घासत होती. पांढरं गेलं, मग निळा जाऊ लागला. तिनंच मारलेला, तिनंच चमकवलेला. अविनाश पुढे धावला. "पारबताबाई, अहो, उद्या मिरवणूक आहे. थिनरनं पुसून घ्या ना, ओलंच आहे. घासता कशाला?"

"पुसलं का काही झालंच नाही असं दिसते, जी. घासलं म्हनजे जागा राहाते."

"मी दोन्ही नावं टाकायला सांगतो. तुमचंही, त्यांचंही."

"दोघांनी रंगवली काय?"

दिनकर म्हणाला, तिचं नाव लागलं तर या दुकानातून पुन्हा तुमचं काम होणार नाही, साहेब, आणि मिरवणुकीत तुमच्या गाडीमागं बाईचं नाव पाहून लोक हसतील. सासू रस्त्यावर येऊन म्हणाली, घराची इज्जत चव्हाट्यावर मांडली. "चव्हाट्यावरच काम करते मी, आत्याबाई," पारबता म्हणाली. अविनाश सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. शेवटी त्यानं ते केलं जे भली माणसं करतात, म्हणजे काहीच केलं नाही. "राहू द्या, नंतर पाहू," म्हणाला आणि किल्ली फिरवली.

तर ती गाडी गेली तशीच. सगळी निळी, झळझळीत, आणि मागे कोपऱ्यात तळहाताएवढं राखाडी ठिगळ. पारबता रस्त्याच्या मधोमध उभी, कोपरावरून राखाडी पाणी गळतंय, धुतलेल्या लुगड्यावर पडतंय. गाडी पुलावर चढेपर्यंत पाहत होती. मग म्हणाली, "कोरं पाहून लोकं इचारतील तरी."

विचारलं म्हणे लोकांनी. गाडीला तिथं ढालही मिळाली. ढालीसोबत पेपरात फोटो आला, दिनकरचा.

त्यानंतर तिनं कमरेला पॉलिश पेपरचा तुकडा खोचायला सुरुवात केली. दिनकरने नाव लिहिलं की ती घासायची. तो पुन्हा लिहायचा, ती पुन्हा घासायची. आमच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कितीतरी ट्रकांच्या मागे तुम्हाला तसं ठिगळ दिसेल. लोकांना वाटतं कशाला तरी घासलं. कशाला घासलं ते मला विचारा. मी तिला म्हटलं होतं, पारबता, सोड हे दुकान, आंधळगावला जा, आपलं शेड टाक. ती म्हणाली, "शेड माझ्या मानसाचं आहे. मी काहून जाऊ? जायचं तं खुर्ची जाईन." खुर्ची गेली नाही. खुर्चीवर नवी गादी आली.

खोकला वाढत गेला. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं छातीचा फोटो पाहून सांगितलं की आता रंगाचा वाससुद्धा चालणार नाही. घरी आणलं. ओसरीत खाट, बाजूला प्राणवायूचं नळकांडं. शेडमधून थिनरचा वास यायचा, दिनकरने दुसरा माणूस ठेवला होता, आणि ती पडल्या पडल्या ओरडायची, "जास्त पातळ केला त्यानं. ओघळ येईन." यायचाच.

त्याच दिवसांत एका दुपारी अविनाश आला. कोणाकडून तरी कळलं असेल. पिकअप घेऊन आला आणि आमच्या दोघींच्या अंगणासमोर उभी केली. मागे जाऊन पाहिलं तर ठिगळ तसंच. त्यानं ते भरून घेतलं नव्हतं. एवढ्यासाठी मी त्याला अर्धं माफ केलं. अर्धंच.

"पारबताबाई," तो खाटेशी वाकून म्हणाला, "नाव लिहायचं राहिलंय. दिनकर आज साकोलीला गेलाय."

"थो इथं असता तरी लिहिलं असतं," ती म्हणाली. आणि उठली.

ब्रश माझ्याकडेच होता, त्या दिवसापासून. पांढऱ्या इनॅमलची डबीही मी आणली. तिला लाकडी पेटीवर बसवलं, मी मागून पाठीला आधार दिला. आधी तिनं बोटांनी ती जागा चाचपली, डोळे मिटून. मग ब्रश बुडवला, डबीच्या काठाला निरपला आणि लिहिलं. पेंटर. मग थांबली, श्वास घेतला. पारब. पुन्हा श्वास. शेवटच्या अक्षराला खोकला आला. हात हलला. 'ता'चं पोट खाली घसरलं.

ती मान मागे घेऊन पाहत राहिली. मी तिच्या पापण्यांकडे पाहत होते. किती वर्षांनी त्यांच्यावर कुठलाच रंग नव्हता.

"छान आलंय," अविनाश म्हणाला.

"तुमाले छान दिसते. मले वाकडं दिसते."

"राहू द्या ना, बाई. आठवण म्हणून."

"आठवनीसाठी नाही लिहीत, जी. हे कामाखालचं नाव आहे." मग माझ्याकडे वळली. "काकू, लोकं म्हनतील, पाहा, बाईचा हात होता म्हनून वाकडं आलं. दिनकरले तेवढंच पायजे."

मी म्हटलं, कोणी म्हणत नाही पारबता, राहू दे. तिनं ऐकलं नाही. कमरेचा तो तुकडा काढला, मला पाणी मागितलं. मी नाही दिलं. मग तिनं थुंकी लावली आणि आपलं नाव घासून काढलं. ज्या नावासाठी घरात, रस्त्यात, गावात भांडली, ते नाव तिनं आपल्या हातानं घासलं, दर अक्षरामागं दम घेत, पार पत्र्याच्या अस्तरापर्यंत. पुन्हा ठिगळ. मग फडक्यानं पुसून साफ केलं, फुंकर मारायला गेली, फुंकर आली नाही.

"डबी घट्ट लावा काकू," खाटेवर पडता पडता म्हणाली. "हवा गेली का रंग मरते. हात थांबला का लिहीन."

मी झाकण दगडानं ठोकून लावलं. तिचा हात त्याच आठवड्यात थांबला, पण तसा नाही.

परवा दिनकर माझ्याकडे आला. हात जोडून, फ्लेक्सवर आहे तसाच. म्हणाला, अविनाशसाहेबांच्या गाडीवर वहिनीचं नाव लिहायचं ठरलंय, आता काय, गेलेल्या माणसाशी वैर नसते. "मीच लिहून देतो काकू, अक्षर माझं चांगलं आहे. वहिनीची डबी आन् भाऊचा ब्रश तुमच्याकडं आहे म्हनते. त्यानंच लिहिलं तं बरं दिसंल. फोटोवाला पन येऊन राहिला."

मी म्हटलं, ब्रश वैनगंगेत सोडला. रंग वाळला.

तो माझ्या मागच्या कोनाड्याकडे पाहत होता. मी दारातून हलले नाही. "हात मांगं," म्हटलं, आणि तो गेला.

ब्रश कोनाड्यातच आहे, फडक्यात. डबी त्याच्या बाजूला. आज लिहायला बसण्याआधी मी ती कानाशी धरून हलवली. बाहेर फ्लेक्स वाजत होता, म्हणून पुन्हा एकदा हलवली. आत अजून ओलं आहे.